एका मोटारीचे घोडे किती?

गेल्या दसऱ्याच्या आधीची गोष्ट. आमच्या भाच्याला गाडी घ्यायची होती. पहिली नोकरी, पहिले कर्ज आणि पहिली गाडी असा तिहेरी योग जुळून आल्यामुळे स्वारी महिनाभर नुसती कागद गोळा करत होती. एका संध्याकाळी तो आमच्याकडे आला तो कपाळाला आठ्या घालूनच. कंपनीच्या माहितीपत्रकावर इंजिनाची शक्ती छापली होती १२० पीएस. शोरूममधल्या माणसाने कोटेशनच्या मागे पेनाने लिहून दिली होती ११८ बीएचपी. गाडी तीच, इंजिन तेच, रंगसुद्धा तोच.

"मामा, दोन घोडे गेले कुठे?"

आम्ही काही बोलण्याआधीच आतून मामींचे उत्तर आले, "कमिशनमध्ये गेले असतील!"

आम्ही हसलो, पण भाचा हसला नाही. त्याचेही खोटे नव्हते. तेवढ्याच किमतीत दुसऱ्या कंपनीची गाडी मिळत होती आणि तिच्या कागदावर ११९ बीएचपी लिहिले होते. १२० मोठे की ११९, हा प्रश्न पहिलीतल्या पोराचा. पण पाच वर्षे दर महिन्याला हप्ता कापला जाणार असेल तर तो पहिलीतला राहत नाही. शिवाय गडी वेगाचा शौकीन. त्याच्या लेखी गाडी म्हणजे घोडे, बाकी सगळे पत्रा आणि प्लास्टिक.

त्या दोन घोड्यांच्या मागावर आम्ही निघालो आणि हिंडत हिंडत पोहोचलो ते थेट आपल्या होळकरांच्या मोटारीपाशी.

महाराजा यशवंतराव होळकर दुसरे यांना मोटारींचा किती शौक होता हे इंदुरात वेगळे सांगायला नको. माणिकबागेचा तो युरोपीय थाटाचा राजवाडा ज्यांनी उभारला, त्यांनी मोटारीही त्याच नजरेने निवडल्या. त्यांतली सर्वांत गाजलेली म्हणजे अमेरिकेतली ड्यूसेनबर्ग एसजे. १९३५-३६च्या सुमारास ती महाराजांसाठी तयार झाली. सांगाडा आणि इंजिन अमेरिकेत इंडियानापोलिसला बनले, आणि वरची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग या नामांकित कारखान्यात चढवली गेली. आठ सिलिंडर एका रांगेत, सुमारे ६.९ लिटरचे इंजिन, त्यावर सुपरचार्जर. कंपनीच्या सांगण्यानुसार शक्ती ३२० अश्वशक्ती. पण जिथे तिची बॉडी बनली त्या इंग्लंडातल्या सरकारी सूत्राने हिशेब केला, तर हेच इंजिन भरते अवघ्या ४५ अश्वशक्तीचे! भाच्याचे दोन घोडे हरवले होते; इथे २७५ घोड्यांचा पत्ता नाही.

ही लबाडी म्हणावी, तर ती कोणाची? त्यासाठी आधी हा घोडा जन्माला कसा आला ते पाहावे लागते.

अश्वशक्तीचा घोडा जन्मला तोच मुळी बिलापोटी. जेम्स वॉट आणि त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टन यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस सुधारलेली वाफेची यंत्रे बाजारात आणली. त्यांची आकारणीची पद्धत मोठी हुशारीची होती. जुन्या न्यूकोमेन यंत्राच्या तुलनेत आमच्या यंत्रामुळे तुमचा जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या एक तृतीयांश किंमत आम्हाला द्या. खाणीवाल्यांच्या बाबतीत हे जमले. पण गिरणीवाला किंवा दारूच्या भट्टीवाला काय म्हणणार? त्याच्याकडे जुने यंत्रच नव्हते. त्याच्याकडे होते जात्याभोवती फिरणारे घोडे. त्याचा सरळ प्रश्न होता, तुमचे यंत्र माझे किती घोडे वाचवील? म्हणजे आधी एका घोड्याचे काम आकड्यात बसवणे आले.

वॉटने घेतलेला हिशेब असा. घोडा १२ फूट त्रिज्येच्या रिंगणात फिरतो, तासाला १४४ फेऱ्या मारतो आणि १८० पौंडांच्या जोराने ओढतो. गुणाकार केला की मिनिटाला ३२,५७२ फूट-पौंड येतात. वॉटने सोयीसाठी ते ३३,००० केले. ३३,००० पौंड वजन एका मिनिटात एक फूट उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती. ज्यांच्या आजोळी मोट होती त्यांना हे लगेच कळेल. मोट किती मोठी, विहीर किती खोल आणि बैल धावेवरून किती वेळात उतरतो, या तिन्ही गोष्टी धरल्या तरच बैलाची खरी किंमत ठरते. वॉटनेही वजन, अंतर आणि वेळ एवढेच धरले.

पण एक गंमत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दिवसभर राबणाऱ्या साध्या घोड्याला हा वेग झेपत नाही, तो यापेक्षा बराच कमी काम करतो. वॉटचा घोडा तगडा होता. त्यात यंत्रवाल्याचाच सावधपणा होता. दहा घोड्यांचे म्हणून विकलेले यंत्र दहा घोड्यांपेक्षा जास्तच काम करी, आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन येत नसे. अश्वशक्तीचा पहिला आकडा असा विक्रेत्याने, विक्रीसाठी, पण गिऱ्हाइकाच्या बाजूला झुकवून ठरवला होता. पुढच्या दोनशे वर्षांत तो कधी या बाजूला झुकला, कधी त्या.

भाच्याच्या दोन घोड्यांचा उलगडा इथेच जवळ आहे. युरोपातल्या देशांनी मीटर आणि किलोग्रॅम स्वीकारले तेव्हा त्यांना फूट-पौंडांचा घोडा नको होता. त्यांनी आपला नवा घोडा बांधला : ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलणे. हाच जर्मनांचा पीएस, इटालियनांचा सीव्ही. मोजून पाहिले तर इंग्रजी घोडा सुमारे ७४६ वॉटचा भरतो आणि युरोपीय घोडा सुमारे ७३५ वॉटचा. फरक जेमतेम दीड टक्क्याचा. म्हणून १२० पीएस म्हणजे ११८ बीएचपी, आणि दोन्ही म्हणजे ८८ किलोवॉट. घोडे कुठे गेले नव्हते. दोन्हीकडच्या तागडीत वजने वेगळी होती एवढेच. उलट ११९ बीएचपी म्हणजे होतात जवळजवळ १२१ पीएस. भाच्याला जी गाडी लहान वाटत होती तीच केसभर मोठी निघाली.

दीड टक्का म्हणजे काही नाही असे वाटेल, पण जाहिरातीच्या दृष्टीने ते फार असते. बुगाटी वेरॉन ही मोटार २००५ साली आली ती १००१ पीएसची म्हणून. चार आकड्यांची मोटार अशी तिची जगभर ख्याती झाली. तीच मोटार इंग्रजी घोड्यांत मोजली तर ९८७. एका मापात हजारी गाठली, दुसऱ्या मापात तेरा धावांनी हुकली. कंपनीने छातीवर कोणता आकडा लावला हे सांगायला नको.

आता होळकरांच्या ४५ घोड्यांकडे वळू. तो आकडा कोणत्याही यंत्रावर मोजलेला नव्हता. तो करवसुलीचा होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश सरकारला मोटारींवर कर बसवायचा होता. मोठ्या मोटारीला जास्त, लहान मोटारीला कमी, हे ठीक. पण प्रत्येक इंजिन तपासत कोण बसणार? रॉयल ऑटोमोबाईल क्लबने १९०६ साली एक सोपे सूत्र दिले होते. सिलिंडरचा व्यास इंचांत घ्या, त्याचा वर्ग करा, सिलिंडरांच्या संख्येने गुणा आणि अडीचने भागा. झाली अश्वशक्ती. १९१० पासून कर याच आकड्यावर बसू लागला आणि १९२१ पासून दर अश्वशक्तीमागे वर्षाला एक पौंड असा दर झाला. फूटपट्टी आणि पाटी-पेन्सिल असली की कारकुनाचे काम भागले.

सूत्र बनले तेव्हाच्या इंजिनांना ते बऱ्यापैकी लागू पडत होते. त्यात गृहीत असे की इंजिनातला दट्ट्या मिनिटाला एक हजार फूट धावतो. पण इंजिने सुधारत गेली आणि सूत्र तिथेच बसून राहिले. ड्यूसेनबर्गचा दट्ट्या त्याच्या तिपटीहून जास्त वेगाने धावत होता, पण सूत्राला त्याचा पत्ता नव्हता. त्याला दिसत होते फक्त सिलिंडरचे तोंड.

आणि इथे आम्हाला एक योगायोग सापडला. ड्यूसेनबर्गच्या सिलिंडरचा व्यास ३.७५ इंच. हेन्री फोर्डची ती प्रसिद्ध मॉडेल टी, सामान्य अमेरिकन माणसाची गरीब गाय, तिच्याही सिलिंडरचा व्यास बरोबर ३.७५ इंच. फरक एवढाच की फोर्डला चार सिलिंडर, ड्यूसेनबर्गला आठ. म्हणजे इंग्लंडच्या सूत्राप्रमाणे फोर्ड साडेबावीस घोड्यांची आणि ड्यूसेनबर्ग तिच्या बरोबर दुप्पट, ४५ घोड्यांची. प्रत्यक्षात फोर्डचे इंजिन देत होते सुमारे २० अश्वशक्ती, आणि ड्यूसेनबर्गचा दावा होता ३२०चा. सोळापट! बिचाऱ्या फोर्डवाल्याला अंगात नसलेल्या अडीच घोड्यांचाही कर पडत होता, तर राजेरजवाड्यांच्या मोटारीचे पावणेतीनशे घोडे सूत्राच्या डोळ्यांसमोरून बिनबोभाट निघून जात होते. इंदूर संस्थानाला हा विलायती कर लागू नव्हता हे खरे. पण मोठ्या माशाने जाळ्यातून निसटावे आणि लहानाने अडकावे ही रीत फक्त आपल्याकडचीच नाही, एवढे समाधान करून घ्यायला हरकत नाही.

या कराने इंग्लंडची मोटारच बदलून टाकली. सूत्रात व्यास होता, दट्ट्याच्या धावेची लांबी नव्हती. म्हणून इंग्रज कारखानदार व्यास लहान आणि धाव लांब ठेवू लागले. उंच, किडकिडीत सिलिंडरांची इंजिने हे त्या काळच्या विलायती मोटारींचे लक्षण झाले, आणि त्याचे कारण यंत्रशास्त्रात नव्हते, कर खात्यात होते. मोटारींची नावेही या आकड्यांवरूनच पडली. १९२२ची ऑस्टिन सेव्हन म्हणजे कराचे सात घोडे. अल्विस कंपनीने तर एका मोटारीचे नावच १२/५० ठेवले. पहिला आकडा सरकारसाठी, दुसरा गिऱ्हाइकासाठी! हिशेबाच्या दोन वह्या ठेवणारे पुष्कळ पाहिले, पण दोन्ही वह्यांची नावे दुकानाच्या पाटीवर लिहिणारा हा पहिलाच. फ्रान्समध्येही असाच करघोडा होता. सित्रोएनची १९४८ची टू-सीव्ही, म्हणजे दोन घोडे, हे नाव त्यावरूनच आले. तिच्या पहिल्या इंजिनाची खरी ताकद होती नऊ घोड्यांची. ब्रिटनने हा प्रकार १९४७ साली बंद केला.

राहिला ३२०चा आकडा. तो तरी खरा का? ड्यूसेनबर्ग जे ही मूळ मोटार डिसेंबर १९२८ मध्ये न्यूयॉर्कला लोकांसमोर आली ती २६५ अश्वशक्तीचा दावा करत. त्या वेळी अमेरिकेतल्या इतर दमदार मोटारी शंभराच्या आसपास घोटाळत होत्या. लोकांचा विश्वास बसेना. १९३२ साली सुपरचार्जर लावून एसजे आली आणि आकडा झाला ३२०. हे दोन्ही आकडे कंपनीने आपल्याच कारखान्यात, आपल्याच यंत्रावर, आपणच ठरवलेल्या अटींवर काढलेले. साक्षीला बाहेरचे कोणी नाही. १९३७ साली कंपनी बंद पडली, पण जुन्या मोटारींचे शौकीन त्या आकड्यावरून आजही एकमेकांशी हुज्जत घालतात. मोटार अव्वल दर्जाची होती याबद्दल कोणाचेच दुमत नाही. दुमत आहे ते छापलेल्या आकड्याबद्दल.

आणि "कोणत्या अटींवर" हाच पुढच्या सगळ्या कथेचा गाभा आहे. इंजिनाची ताकद मोजायची तर त्याला काहीतरी विरोध करावा लागतो. १८२१ साली फ्रान्सच्या गास्पार द प्रोनीने फिरत्या दांड्यावर लाकडी ठोकळे आवळून आणि त्यांना तरफ लावून ही युक्ती साधली. दांड्याला ब्रेक लावून ताकद मोजायची म्हणून ती ब्रेक हॉर्सपॉवर, आपली बीएचपी. बीएचपीतला बी तो हा. आता ब्रेक कुठे लावायचा, इंजिनावर काय काय ठेवून लावायचा, कोणत्या हवेत लावायचा, हे मोजणाऱ्यावर.

अमेरिकेत १९६०च्या दशकात या स्वातंत्र्याचा पुरेपूर उपयोग झाला. ती तिथल्या दांडग्या मोटारींची सद्दी होती. तरुण पोरे सिग्नलला शेजारी शेजारी उभी राहत आणि दिवा हिरवा झाला की जे व्हायचे ते होई. कंपन्या छापत ती ग्रॉस अश्वशक्ती. म्हणजे इंजिन गाडीतून बाहेर, टेस्ट बेंचवर. एअर फिल्टर नाही, अल्टरनेटर नाही, पंखा नाही. गाडीचा कोंदट सायलेन्सर काढून त्या जागी धूर मोकळा सोडणारे मोठे नळ. इग्निशनची वेळ प्रत्येक वेगाला हाताने हवी तशी जुळवलेली. पैलवानाला लंगोटावर तोलायचे आणि मग तो अंगरखा, पागोटे, खांद्यावर पोते घेऊन तितकाच धावेल असे सांगायचे, तसा हा प्रकार. उलट नेट अश्वशक्ती म्हणजे गाडीत जे जे बसवलेले असते ते सारे लावून मोजलेली.

दोन्हींत फरक किती पडतो याचा पुरावा त्याच कंपन्यांनी दिला. १९७१ साली जनरल मोटर्सने दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापले. शेव्हरोलेच्या कॉर्व्हेटमधले साडेसात लिटरचे एक इंजिन : ग्रॉस ३६५, नेट २८५. क्रायस्लरच्या प्रख्यात हेमी इंजिनाचे त्याच वर्षी ग्रॉस ४२५, नेट ३५०. पुढच्या, म्हणजे १९७२च्या मॉडेलांपासून अमेरिकन कंपन्यांनी नेट आकडेच छापायला घेतले आणि देशभर बोंब झाली की मोटारी एका रात्रीत नामर्द झाल्या. बोंब निम्मी खरी होती. त्याच सुमाराला धुराचे नियम येऊ लागले होते, शिसे कमी असलेल्या पेट्रोलसाठी कंपन्यांनी इंजिनांचा दाब कमी केला होता, आणि ताकद खरोखरच घटली होती. पण घट किती खरी आणि किती नुसती मोजमापाची, हे साध्या गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नव्हता. कंपन्यांनाही ते फार स्पष्ट करून सांगण्याची घाई नव्हती.

इथवर वाचून कोणी म्हणेल की कंपन्या आकडा फुगवतात, यात नवल ते काय. नवल पुढे आहे. त्याच काळात त्याच कंपन्या काही आकडे मुद्दाम कमी छापत होत्या! कॉर्व्हेटच्या यादीत एक एल-८८ नावाचे इंजिन होते, छापील ताकद ४३०. त्याच यादीत त्याहून स्वस्त इंजिन होते ४३५चे. साध्या गिऱ्हाइकाने महाग आणि अशक्त इंजिन कशाला घ्यावे? हाच हेतू होता. एल-८८ हे शर्यतीचे इंजिन, रस्त्यावर चालवायला अवघड, आणि त्याची खरी ताकद पाचशेच्या पुढे. ज्याला माहीत असेल त्यानेच ते मागावे. कॅमारो झेड-२८वर २९० लिहिलेले होते, तेही जाणकारांच्या मते बरेच कमी. विम्याच्या कंपन्या तोवर सावध झाल्या होत्या. गाडीच्या वजनाच्या मानाने घोडे जास्त आणि चालवणारा पंचविशीच्या आतला, की हप्ता असा वाढे की गाडीपेक्षा विमा जड. ड्रॅग शर्यतींतही गाडीचा गट छापील अश्वशक्ती आणि वजन यांवरून ठरे. आकडा कमी, तर गट हलका आणि बक्षीस सोपे. गिऱ्हाईक बघत असेल तेव्हा छाती फुगवायची आणि विमावाला बघत असेल तेव्हा पोट आत घ्यायचे, असा तो मामला.

जपानमध्ये आकडा दाबण्याला वेगळे कारण मिळाले, आणि ते हसण्यासारखे नाही. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथे रस्त्यावरचे मृत्यू पुन्हा वाढले, १९८८ साली ते वर्षाला दहा हजारांच्या पुढे गेले. तिकडे मोटारींची ताकद दरवर्षी चढत होती. सरकार कायदा करील त्याआधी कारखानदारांनीच आपसात ठरवले की देशात विकायच्या कोणत्याही मोटारीची ताकद २८० पीएसच्या वर न्यायची नाही. कागदावरचा करार नव्हे, सभ्य माणसांचा शब्द. १९८९ची निसान स्कायलाइन जीटी-आर २८०. होंडाची एनएसएक्स २८०. टोयोटाची सुप्रा २८०. पंधरा वर्षे तिथल्या सगळ्या बड्या मोटारींच्या माहितीपत्रकांवर एकच आकडा, जणू एकाच वर्गातल्या सगळ्या पोरांना सारखेच गुण. तीच सुप्रा अमेरिकेत ३२०ची म्हणून विकली जात होती. तिथल्या इंजिनाचे टर्बो आणि इंजेक्टर थोडे वेगळे होते, तेव्हा सगळा फरक कागदी म्हणता येत नाही. पण पुढच्या काळातल्या जीटी-आर जेव्हा लोकांनी स्वतः मोजून पाहिल्या, तेव्हा २८० छापलेल्या इंजिनातून तीनशेच्या वर घोडे निघाले. शब्द पाळला गेला तो छापखान्यात. २००४ साली होंडाने लेजंड ही मोटार उघडपणे ३०० पीएसची म्हणून आणली आणि हा संकेत संपला.

आकडा फुगवल्यावर हिशेब चुकवावा लागल्याचीही उदाहरणे आहेत. १९९९ साली फोर्डने मस्टँग कोब्रा ३२० अश्वशक्तीची म्हणून विकली. मालकांनी गाड्या चाकाखाली रूळ असलेल्या यंत्रावर नेऊन मोजल्या, ताकद भरेना, आरडाओरडा झाला. फोर्डने गाड्या परत बोलावून इंजिनाचे भाग बदलून दिले आणि २०००ची नेहमीची कोब्रा काढलीच नाही. मझदाची २००१ची मियाटा १५५ची म्हणून आली आणि १४२ची निघाली. कंपनीला गाड्या परत विकत घेण्याची तयारी दाखवावी लागली. पुढच्याच वर्षी ह्युंदाई आणि किया यांनाही अमेरिकेत आपले आकडे चढवलेले होते हे कबूल करावे लागले.

इथे एक खुलासा हवा, कारण यावरून पुष्कळ भांडणे होतात. चाकांपाशी मोजलेली ताकद नेहमीच कमी भरते. छापील आकडा इंजिनाच्या दांड्यावरचा असतो. तिथून चाकांपर्यंत जाताना गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि टायर आपापली दस्तुरी कापून घेतात. ती साधारण पंधरा टक्क्यांच्या घरात असते. तेवढी तूट दिसली म्हणून कंपनीवर धावून जाण्यात अर्थ नाही.

यावर अमेरिकेतल्या इंजिनिअरांच्या एसएई या संस्थेने काढलेला उपाय साधा होता. २००४-०५ मध्ये त्यांनी मोजण्याचे नियम घट्ट केले आणि "प्रमाणित" म्हणवून घ्यायचे असेल तर चाचणीच्या वेळी बाहेरचा साक्षीदार उभा असलाच पाहिजे अशी अट घातली. सक्ती नाही, ज्याला प्रमाणपत्र हवे त्याच्यासाठी. काय झाले पाहा. टोयोटाच्या कॅमरी व्ही-सिक्सचे इंजिन तेच राहिले, पण आकडा २१०चा १९० झाला. कॉर्व्हेट झेड-०६ मात्र ५००ची सांगितली होती, ती साक्षीदारासमोर ५०५ भरली. ड्यूसेनबर्गच्या काळी असा एखादा माणूस इंडियानापोलिसला उभा असता, तर त्या शौकिनांची एक पिढ्यान्‌पिढ्यांची करमणूक बुडाली असती.

हे सगळे आम्ही भाच्याला दोन-तीन बैठकांत सांगितले. त्याने नेटाने ऐकून घेतले आणि शेवटी विचारले, "मग माझ्या गाडीत खरे घोडे किती?"

आता खरे सांगायचे तर इंदुरात ते कोणत्याच कागदावर लिहिलेले नसतात. नियमाप्रमाणे इंजिन मोजतात ते २५ अंश तापमान आणि ९९ किलोपास्कल हवेचा दाब धरून. चाचणीच्या दिवशी हवा वेगळी असली तर आकडा हिशेबाने त्यावर आणतात. आपले माळवा पठारावरचे इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच. इथे हवेचा दाब साधारण ९५च्या आसपास. त्यात वैशाखातली ४० अंशांची दुपार धरा. हवा पातळ, म्हणजे इंजिनाला प्राणवायू कमी, म्हणजे आग मंद. भाच्याच्या गाडीला टर्बो नाही. त्यामुळे छापील १२० पैकी सहा-सात टक्के तर उन्हातच वाळून जाणार. टर्बोवाल्या इंजिनाची गोष्ट वेगळी, ते हवा दाबून भरते आणि ही तूट बरीचशी भरून काढते. ज्या दोन घोड्यांसाठी त्याने झोप घालवली होती, त्यांच्या चौपट घोडे इंदूरची हवाच रोज दुपारी सोडून देणार होती.

त्याने शेवटी गाडी घेतली ती पहिलीच, १२० पीएसवाली. कारण विचारले तर म्हणाला, त्या शोरूमवाल्याने चटया फुकट दिल्या. दसऱ्याला झेंडूचा हार घालून पूजा झाली, चाकांखाली लिंबे फुटली, आणि दिवाळीनंतर आम्ही चौघे त्या गाडीतून महेश्वरला गेलो. महूवरून जाम दरवाजाच्या बाजूने घाट उतरलो. महेश्वर नर्मदेकाठी, समुद्रसपाटीपासून अवघे दीडशे मीटर. अहिल्याबाईंच्या घाटावर बसून झाले, मामींच्या साड्यांची खरेदी झाली, आणि निघताना भाचा म्हणाला, "मामा, इथे गाडी जरा मोकळी पळते असे वाटते, की माझ्या मनाचे खेळ?"

आम्ही म्हणालो, थोडे हवेचे, थोडे मनाचे.

परतीला संध्याकाळी चढ लागला. गाडीत चौघे, मागे साड्यांचे गठ्ठे आणि वाटेत घेतलेली दहा किलो सीताफळे. एका वळणावर गाडी दमली, त्याने दुसरा गिअर टाकला, इंजिन भुंकल्यासारखे ओरडले आणि वर चढू लागले. मागच्या सीटवरून मामींनी विचारले, "आता किती आहेत रे?"